नव्या वर्षाचा जुना हिशेब

एकतीस डिसेंबर जवळ आला की मला माझी आजी आठवते. त्या दिवशी घरात नाताळच्या फराळाचे तळाला गेलेले डबे असत, आम्हा मुलांची कागदी चांदणी उतरवावी की राहू द्यावी यावरून भांडणे चाललेली असत, आणि आजी मात्र सकाळपासून दारोदार हिंडत असे. वाण्याची उधारी ती त्या दिवशी चुकती करी. करंज्यांसाठी शेजारून आणलेली परात घासूनपुसून, तिच्यात चार करंज्या ठेवून परत करी. आणि वर्षभरात ज्या कुणा बाईशी तिचे वाजले असेल, तिच्या ओट्यावर जाऊन बसे. तिथे काय बोलणे होई ते आम्हाला कधी कळले नाही. पण आजी परत आल्यावर चहाचे आधण नेहमीपेक्षा एक कप जास्त ठेवी, कारण ती बाई तिच्याबरोबरच आलेली असे.

एवढे सारे उरकल्याशिवाय आजी रात्रीच्या उपासनेला येत नसे. देवाच्या दारात उधारी घेऊन जाऊ नये, असे तिचे म्हणणे होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत वर्षाच्या शेवटच्या रात्री देवळात उपासना असते. होय, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. गाणी होतात, शास्त्रपाठ होतो, पाळकसाहेब सरलेल्या वर्षाचा आढावा घेतात. बाराला काही मिनिटे कमी असताना सारेजण गुडघे टेकतात आणि शांतता पसरते. मग बाराचे ठोके पडतात, घंटा वाजते, आणि माणसे एकमेकांच्या गळ्यात पडतात. ही चाल अठराव्या शतकात युरोपातल्या मोरेव्हियन मंडळींकडून इंग्लंडमधल्या मेथडिस्टांनी उचलली आणि त्यांच्या मिशनऱ्यांबरोबर ती जगभर गेली. मेथडिस्टांचे पुढारी जॉन वेस्ली यांनी १७५५ साली लंडनमध्ये देवाशी केलेला करार नव्याने करण्याची एक खास उपासनाही सुरू केली. ती पुढे नव्या वर्षाच्या सुरुवातीला होऊ लागली. थोडक्यात, वर्षारंभी जुने पान उलटावे आणि आपले मन पुन्हा देवाच्या हाती द्यावे, ही त्यामागची कल्पना.

मीही गेली साठ वर्षे ते ठोके ऐकत आले आहे. आणि खरे सांगायचे तर गेल्या अकरा वर्षांत ते मला ऐकवत नाहीत. वडिलांच्या पश्चात राहत्या घरावरून माझ्यात आणि धाकट्या भावात वितुष्ट आले. बोलणे थांबले. दर एकतीस डिसेंबरला मी गुडघे टेकते, मन नवे कर म्हणून मागते, आणि दोन जानेवारीला जुन्याच मनाने भाजी निवडायला बसते. आजीने हे पाहिले असते तर काय म्हटले असते, ते मला पक्के ठाऊक आहे.

आजीला ही सवय लागली ती केडगावात. १९०० सालच्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात, ती पाचएक वर्षांची असताना तिला तिकडून कुणीतरी आणले. आपले गाव, आपली जात, आईचे नाव, यांतले तिला काहीच आठवत नव्हते. ज्यांनी तिला आणवले, जेवू घातले आणि लिहायला शिकवले त्या पंडिता रमाबाई. आजी त्यांना बाई म्हणे. म्हणून या वर्षअखेरीला मी रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. मला त्यात एकच गोष्ट शोधायची होती. माणूस खरोखर नवा होतो तो कसा, आणि एका आयुष्यात किती वेळा?

रानातली पंडिता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे वैष्णव विद्वान. पण एका बाबतीत त्यांनी जुने वळण मोडले होते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. बायकोला देवभाषा शिकवली म्हणून त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि शास्त्राचाच आधार काढून त्यांनी तो दिला. पुढे याच आईने भल्या पहाटे मांडीवर घेऊन लहानग्या रमेला श्लोक शिकवले. कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडे, देवळांतून पुराणे सांगे, आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. होते नव्हते ते विकून झाले, व्रते झाली, उपासतापास झाले. पानेफुले खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या वेळी तिरडीला खांदा द्यायला माणसे पुरेनात. तेव्हा रमेने चौथा खांदा दिला. अंगाने ती ठेंगणी, म्हणून तिला ती तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. सोळा वर्षांची मुलगी ती.

हा प्रसंग मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकला होता. तिला तो केडगावात सांगितला गेला होता. दुष्काळातून आलेल्या त्या मुलींना आपली बाईही दुष्काळातूनच आली आहे, हे माहीत असणे किती मोलाचे असेल, याचा विचार मी मोठेपणी केला.

उरलेली बहीणभावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी चालत राहिली. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेकडे. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची ही मुलगी हजारो श्लोक मुखोद्गत म्हणते, संस्कृतात वाद करते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. तिची परीक्षा झाली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. एका रात्रीत ती देशभर प्रसिद्ध झाली. पण आतून ती रिकामी झाली होती. दुष्काळात ज्या देवांना हाका मारल्या त्यांनी ओ दिली नाही, हे शल्य तिच्या मनातून जात नव्हते. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेदाची प्रत दिली. बाईने वेद वाचायचा नसतो हे ऐकत ती वाढली होती. तरी तिने तो वाचला, पुढे धर्मशास्त्रेही वाचली. ती जसजशी वाचू लागली, तसतसे स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचे दार किती अरुंद ठेवले आहे, ते तिला दिसू लागले.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविशी पूर्ण व्हायच्या आत ती विधवा झाली, कडेवर तान्ही मुलगी. सिल्चरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत तिला एक लहानशी बंगाली पोथी सापडली होती. ते लूकचे शुभवर्तमान होते. तिने ते आवडीने वाचले, एवढेच.

पहिले नवेपण

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन सांगितले की, या देशातल्या बायकांना बाई शिक्षिका हव्यात, बाई डॉक्टर हव्यात. स्वतःला डॉक्टरी शिकायची म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी सिस्टरांच्या मठात उतरल्या. कानांना कमी ऐकू येत असल्याने डॉक्टरी राहून गेली.

तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना या सिस्टर लंडनच्या एका आश्रमात मायेने सांभाळत होत्या. अशा बायकांनाही कुणी जवळ करते, हे रमाबाईंना नवीन होते. त्यांनी विचारले, हे तुम्ही कशासाठी करता? त्यांना उत्तरादाखल विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. येशूने जिच्याकडे पाणी मागितले आणि जिला धिक्कारले नाही, ती बाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात केवढा गहजब झाला, ते आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. ज्यांनी डोक्यावर घेतले होते, त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. मला मात्र पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. नव्या धर्मातही त्यांनी मान तुकवली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी, पाळकांच्या अधिकाराविषयी त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालीत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडून दुसरीत शिरायचे नाही, हे त्यांनी ठरवले होते.

१८८६ साली आपल्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या, त्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते खूप वाचले गेले. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ निघाले आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. विधवा मुलींसाठी शाळा आणि घर. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले.

दुसरे नवेपण

बाहेरून पाहता आता सगळे जागच्या जागी होते. रमाबाई ख्रिस्ती होऊन आठ वर्षे झाली होती. त्या प्रार्थना करीत, देवळात जात, मुलींचे अश्रू पुसत. आणि तरी १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की आपल्या हाती धर्म आला, पण ज्याच्या नावाने तो चालतो तो ख्रिस्त आपल्याला भेटलेलाच नाही.

याला निमित्त झाले एका पुस्तकाचे. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे ते आत्मचरित्र. हे गृहस्थ कित्येक वर्षे उपदेश करीत होते. १८५१ साली एका रविवारी उपदेश करता करताच त्यांच्या लक्षात आले की आपण जे इतरांना सांगतो आहोत ते आपल्यालाच ठाऊक नाही. आणि बोलता बोलता त्यांचे मन पालटले. श्रोत्यांतला एकजण ओरडून उठला की, पाळकाचेच परिवर्तन झाले! ही गोष्ट वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. कर्मे, विधी, विद्या यांनी देव मिळत नाही म्हणून आपण जुने घर सोडले, आणि नव्या घरात येऊन पुन्हा तेच करीत राहिलो, असे त्यांना वाटले. मग जशा आहोत तशा, विद्वत्तेचे गाठोडे खाली ठेवून, त्यांनी स्वतःला देवाच्या स्वाधीन केले.

मला या ठिकाणी थांबावेसे वाटते. बाप्तिस्म्याच्या वेळी रमाबाईंना समाजापुढे उभे राहावे लागले. ते धैर्याचे काम खरेच. पण आठ वर्षांनंतर आपले काहीतरी राहून गेले आहे हे स्वतःशी कबूल करणे, तेही आपल्या नावावर लोक देणग्या देत असताना, हे त्याहून अवघड. आपण जुने श्रद्धावंत नेमके इथेच अडतो. आपल्याला सगळे येते. म्हणून आपल्याला काही नवे होत नाही.

या बदलाची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती होणार नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून करीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. हे कळल्यावर पुण्यात वादळ उठले. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर अशा सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हा स्वतःच्या श्रद्धेचा हक्क की दिलेल्या शब्दाचा भंग, यावर आजही दोन मते आहेत. टीकाकारांची भीती सारी खोटी होती असे मी म्हणणार नाही. ज्या घरातल्या मुली त्यांनी विश्वासाने पाठवल्या होत्या, त्या घरांना काय वाटले असेल तेही समजते. पण एवढे मात्र खरे, की रमाबाईंनी दार लावून घेतले नाही, आणि सदनही बंद केले नाही.

केडगावच्या विहिरी

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंच्या डोळ्यांपुढे ती तिरडी उभी राहिली असेल. पदरी पैसा नव्हता. बॉस्टनचे मंडळ विधवांच्या शाळेसाठी पैसे देत होते, दुष्काळासाठी नव्हे. तरी त्या निघाल्या. मदतीच्या छावण्यांतून एकट्यादुकट्या मुलींचे काय होते ते त्यांनी पाहिले आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली गोळा करून आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर केडगावला त्यांनी जी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, तिथे राहुट्या आणि छपरे उभी राहिली. तेच मुक्ती सदन.

त्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या. फळबाग लागली. १९०० साली गुजरातेतून शेकडो मुली आल्या, त्यांत माझी आजी. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने नाकारलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींना ब्रेल शिकवू लागले. विणकाम, शिवण, शेती, दुभती जनावरे, तेलघाणा, छापखाना. मुलींनी खिळे जुळवायचे, मुलींनीच यंत्र फिरवायचे. आजी अखेरपर्यंत छापलेला कागद हाती आला की आधी तो नाकाशी नेई. शाईचा वास तिला माहेरचा वास वाटे.

१९०५ चा जानेवारी

आता मी त्या नव्या वर्षाकडे येते. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये मोठे धार्मिक जागरण सुरू झाले होते. ऑस्ट्रेलियातल्या अशाच जागरणाची माहिती करून घेण्यासाठी रमाबाईंनी त्याआधीच मनोरमेला आणि मिनी अब्राम्स या आपल्या अमेरिकन सहकारी बाईंना तिकडे पाठवले होते. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना सांगितले की आपल्यालाही याची गरज आहे. आणि प्रार्थनेला रोज कोण बसेल असे विचारले. सत्तर जणी पुढे आल्या. हळूहळू ही संख्या पाचशेच्या वर गेली.

मला या आकड्यांपेक्षा कालावधी महत्त्वाचा वाटतो. जानेवारीत सुरुवात केली आणि जूनअखेरपर्यंत काही घडले नाही. सहा महिने! आपले नव्या वर्षाचे संकल्प संक्रांतीपर्यंत टिकत नाहीत.

२९ जूनच्या पहाटे मोठ्या मुलींच्या निजायच्या दालनात एकीला असा काही अनुभव आला की शेजारची मुलगी तिला आग लागली समजून पाण्याची बादली आणायला धावली, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी रमाबाई वर्गात नेहमीसारखे शास्त्र समजावून देत होत्या. एकाएकी मुली रडू लागल्या, मोठ्याने आपापली पापे बोलू लागल्या. एकाच वेळी शेकडो आवाज. शाळेचे तास बंद पडले. हे दिवसच्या दिवस चालले. पुढे आनंदाची गाणी आणि टाळ्या सुरू झाल्या.

हे ऐकून काही मिशनरी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढा आरडाओरडा, हे कसले भजन? रमाबाईंनी मुलींना आवरले नाही. परदेशी शिस्तीच्या साच्यात त्यांना कोंबावे असे त्यांना वाटत नव्हते. या देशातल्या मुली आपल्या परीने देवाला हाक मारणारच, असे त्यांचे मत होते. पण सारे काही गोंगाटातच संपले असेही नाही. मुलींच्या तुकड्या आळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. मिनी अब्राम्सनी या जागरणावर एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या एका मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ साली तिथे वाल्परायसो शहरात जे मोठे जागरण झाले त्याला तिची प्रेरणा होती. दौंड तालुक्यातल्या माळावरची ठिणगी पार तिथवर गेली.

आजी तेव्हा दहा वर्षांची होती. तिची त्या दिवसांची आठवण मात्र अगदी लहानशी आहे. तिने कोठीघरातला गूळ चोरला होता आणि आळ तिच्या शेजारी निजणाऱ्या मुलीवर आला होता. त्या मुलीने शिक्षाही भोगली. सगळ्याजणी रडत होत्या तेव्हा आजीही रडली. पण रडून काही मोकळे वाटेना. मग ती उठली आणि त्या मुलीजवळ जाऊन म्हणाली, गूळ मी घेतला. ती मुलगी आधी गप्प झाली आणि मग हसत सुटली. आजी सांगे की तिला देव भेटला तो त्या हसण्यात. पुढे दोघी जन्मभर एकमेकींना बहीण म्हणत. ज्या मुलीला आईचे नावही माहीत नव्हते तिला त्या दिवशी एक बहीण मिळाली.

शेवटची कामे

रमाबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या. त्यांनी पुन्हा एक नवे काम अंगावर घेतले. बायबलचे मराठी भाषांतर विद्वानांपुरते आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल करायला घेतले. जन्मभराची संस्कृत शब्दसंपत्ती बाजूला ठेवून साधे शब्द वेचायचे, हेही एक नवे होणेच होते. ते मुक्तीतच छापले गेले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्यांच्या पश्चात काम सांभाळायची ती मनोरमा, पण २४ जुलै १९२१ रोजी तीच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावात शेवटचा श्वास घेतला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. केडगावचे काम आजही चालू आहे.

हे सारे पुन्हा वाचून माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. रमाबाई १८८३ साली नव्या झाल्या, १८९१ साली झाल्या, दुष्काळाने १८९६ साली झाल्या, १९०५ साली झाल्या. प्रत्येक वेळी आधीचे नवेपण खोटे होते असे नव्हे. ते पुरेसे नव्हते, एवढेच. आणि प्रत्येक वेळी खूण एकच दिसते. मन बदलले की घराचे दार थोडे अधिक रुंद झाले. विधवा आल्या, मग दुष्काळातल्या मुली, मग टाकलेल्या बायका, मग अंध. मनात काय झाले ते बाहेरच्याला दिसत नाही. दारातून किती माणसे आत आली ते मोजता येते.

माझ्या दारातून अकरा वर्षे माझा सख्खा भाऊ आत आलेला नाही.

हा लेख लिहायला बसण्यापूर्वी मी त्याला पत्र लिहिले. फोनवर माझा आवाज चढेल ही भीती वाटली, म्हणून पत्र. घराच्या वाटणीत माझेही चुकले, ते कुठे चुकले, आणि आईची ताटे, जी मी रागाने उचलून आणली होती, ती परत करायची आहेत, एवढेच लिहिले. त्याचे काय चुकले ते लिहिले नाही. तीन वेळा लिहून तीन वेळा खोडले. पत्र पेटीत टाकले. उत्तर आलेले नाही. कदाचित येणारही नाही. त्याच्या मनाचे दार माझ्या हाती नाही.

ताटे मात्र घासून ठेवली आहेत. एकतीस तारखेला सकाळी ती घेऊन मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे. मग रात्री देवळात जाईन. वाचकांनो, आपला धर्म कोणताही असो, देवावर विश्वास असो वा नसो, कुणाची ना कुणाची परात आपल्याही घरात राहिलेली असेल. ती परत करायला अजून थोडे दिवस आहेत. नव्या वर्षाच्या शुभेच्छा.